त्रेसष्टची मागची काच

प्रुइटांच्या शेडमध्ये दोन गाड्या होत्या आणि नव्या घरात जागा होती एकीलाच. मे महिन्यापासून यावर काथ्याकूट चालला होता. लेलँड प्रुइटच्या गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे ओवोसो गावाबाहेरचं ते दुमजली घर आणि मागची पत्र्याची लांबलचक शेड विकून गावातल्या एका बुटक्या, जिना नसलेल्या घरात जायचं ठरलं होतं. नव्या गॅरेजात दोन गाड्या मावत. त्यातली एक जागा रोजच्या वापरातल्या ब्यूक गाडीची. मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यावर इतकं मीठ टाकतात, की जुनी गाडी उघड्यावर ठेवणं म्हणजे तिला खारवून ठेवणंच. तेव्हा ‘दुसरी बाहेर उभी करू’ हा पर्याय कुणी तोंडातूनसुद्धा काढला नाही.

एक होती सत्तावन्न सालची फोर्ड थंडरबर्ड, हिरवट निळी, डोक्यावर पांढरं टणक छत आणि छताच्या दोन्ही बाजूंना जहाजासारखी एकेक गोल खिडकी. दुसरी त्रेसष्ट सालची शेवरोले कॉर्व्हेट, रुपेरी निळी, पाठ मागे निमुळती होत गेलेली. दोन्ही दोन माणसांच्या. दोन्ही लेलँडने स्वतःच्या हातांनी सांभाळलेल्या. फ्लिंटच्या मोटारींच्या कारखान्यात साचे घडवण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि घरी आल्यावर विरंगुळा म्हणूनही तो गाड्यांचंच काम करी.

त्या भागातल्या पुरुषांची गाडीपाशी उभं राहायची एक पद्धत आहे. दोन्ही हात पँटच्या मागच्या खिशात, पोट पुढे, मान तिरकी, आणि बराच वेळ कुणी काही बोलायचं नाही. मग एकाने ‘हं’ म्हणायचं. त्या उन्हाळ्यात लेलँडच्या शेडमध्ये असे पुष्कळ ‘हं’ म्हटले गेले. सगळ्यांत जास्त डुएन सिकोराचे. डुएन हा लेलँडचा शाळेपासूनचा मित्र. त्याचं गाड्यांचे पत्रे ठोकायचं आणि रंगवायचं वर्कशॉप होतं, आणि तो जन्माने फोर्डवाला होता. तिकडे माणूस जसा चर्चमध्ये जन्मतो, तसा तो फोर्डमध्ये किंवा शेवरोलेमध्ये जन्मतो, आणि धर्म बदलणाऱ्याकडे लोक जरा संशयानेच बघतात. लेलँडने शेवरोलेवाला असून थंडरबर्ड घेतली, ती डुएनने बारा वर्षं मागे लागून घ्यायला लावली म्हणून.

“हिच्यात बसलं की कंबर दुखत नाही,” डुएन म्हणायचा. “सामान टाकायला डिकी आहे. तुझ्या त्या शहाणीला डिकीचं झाकणच नाही! बॅग ठेवायची तर सीटमागून कसरत करत कोंबायची. कुठल्या दीडशहाण्याने काढली रे ती?”

“ज्याला वळणावर गाडी रस्त्यावर ठेवायची होती त्याने,” लेलँड म्हणायचा. “तुझी बर्ड म्हणजे सोफा आहे. सोफ्याला इंजिन लावलंय.”

“सोफ्यावर लोक बसतात तरी.”

“बसून झोपतात.”

“आणि माझ्या सोफ्याला फोर्डनेच खिडकी पाडून दिली, ड्रायव्हरला बाजूचं दिसावं म्हणून. तुझ्यासारखी करवत घ्यावी लागली नाही.”

इथे दोघंही खो खो हसत. अर्डिस, लेलँडची बायको, जवळपास असली तर तीही हसे.

अर्डिसला कुठली गाडी ठेवायची हे कुणी विचारलं नाही. तिनेही आपण होऊन सांगितलं नाही. पण तिचं मत होतं आणि ते पक्कं होतं. कॉर्व्हेट राहिली पाहिजे, आणि आहे तशी राहिली पाहिजे.

‘आहे तशी’ यातच सगळी गोम होती. त्रेसष्ट सालच्या कॉर्व्हेटची मागची काच एकसंध नसते. छताच्या मधोमध एक कणा निघतो, तो खाली उतरत जातो आणि काचेचे दोन भाग करतो. दिसायला झोकदार, पण आरशात बघावं तर नेमका मध्यावर तो खांब. मागून ट्रक येतोय की पोलीस, कळायची सोय नाही. पुढच्याच वर्षी कंपनीने कणा काढून टाकला आणि अख्खी काच बसवली. त्यामुळे त्रेसष्टवाल्या कितीकांनी वर्कशॉपात जाऊन आपल्याही गाडीचा कणा कापून घेतला आणि नवी अख्खी काच लावली. तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं. पुढे दिवस असे फिरले, की एकाच वर्षी निघालेली ती दुभंग काच म्हणजे संग्राहकांच्या जिवाचा तुकडा झाली. कापणारे कपाळाला हात लावून बसले.

लेलँड त्या कापणाऱ्यांपैकी. फक्त त्याने वर्कशॉपात नेली नव्हती, घरीच कापली होती.

पासष्ट साली त्यांचं लग्न झालं, तेव्हा ती दोघं फ्लिंटमध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत. खाली घरमालकीण. गाडी रस्त्यावर काढायची तर दोन घरांमधल्या अरुंद बोळातून उलटी न्यावी लागे. अर्डिस टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती, आणि लेलँडची पाळी वेगळी असली की गाडी तिच्याकडे असायची. गाडी चालवायला ती त्याच कॉर्व्हेटवर शिकली. पहिल्या महिन्यात तिने मालकिणीची फुलझाडं चिरडली. दुसऱ्यात कचऱ्याचा पिंप. त्यानंतर शेजाऱ्यांची टपालपेटी गेली, तेव्हा ती गाडीतच रडत बसली आणि वर येऊन म्हणाली, की उद्यापासून मी बसने जाईन.

लेलँड त्यावर काहीच बोलला नाही. रविवारी त्याने गाडी मागच्या अंगणात घेतली, मागच्या काचा काढल्या, लोखंड कापायचं पातं कापडात गुंडाळून हातात धरलं आणि कणा कापला. ती गाडी पत्र्याची नाही, काचतंतूंची, म्हणजे फायबरग्लासची. तिचा भुसा अंगाला लागला की खाजकुयली बरी. तो आठवडाभर खाजवत होता आणि अर्डिस त्याचे शर्ट वेगळे धूत होती. अख्खी काच बसली. सोमवारी ती बोळातून सरळ रेषेत मागे गेली, एका पानालाही धक्का न लावता.

अर्डिस आली होती पार उत्तरेकडच्या एका बीटच्या शेतावरून. तिच्या बापाच्या ट्रकमध्ये शेजारच्या सीटची एक स्प्रिंग वर आली होती. तिची आई त्या स्प्रिंगवर घडी केलेलं पोतं टाकून वर्षानुवर्षं बसली. बापाला ते ठाऊक होतं. त्याला दहा मिनिटांचं काम होतं ते. त्याने केलं नाही, कारण त्या सीटवर तो बसत नव्हता. अशा घरातून आलेल्या मुलीने नवऱ्याला आपल्या लाडक्या गाडीवर करवत चालवताना पाहिलं. लग्नाआधी तो ती गाडी दुकानातून मुद्दाम आणलेल्या, तान्ह्या मुलांच्या मऊ लंगोटांनी पुसायचा. अर्डिसने त्या रविवारी खिडकीतून बघता बघता मनाशी ठरवलं, की या माणसाला आपण सोडायचं नाही. तिने हे कधी कुणाला सांगितलं नाही, लेलँडलाही नाही. सांगायची काही गरज आहे असं तिला वाटलंच नाही. काच समोर होती.

पुढे त्या काचेचा विनोद झाला. कसा झाला ते सांगणं कठीण, पण कोणी केला ते सांगता येईल. लेलँडनेच.

उन्हाळ्यात दर शुक्रवारी संध्याकाळी हायवेवरच्या हॉटडॉगवाल्याच्या आवारात जुन्या गाड्या घेऊन लोक जमत. बॉनेट उघडं टाकायचं, मागे घडीच्या खुर्च्या मांडायच्या आणि बिनदारूची गोड रूट बिअर पीत येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत बसायचं. कोणीतरी नवखा कॉर्व्हेटपाशी येई, पुढून हरखून बघे, बाजूने बघे, मग मागे जाई आणि त्याचा चेहरा पडे. लेलँड त्याचीच वाट बघत असे.

“हे कोणी केलं?”

“मी.”

“अहो, पण का?”

“लग्न झालं.”

यावर हमखास हशा पिके. मग तो बोळ, फुलझाडं, पिंप, सगळं रंगवून सांगे. शेवटचं वाक्य अर्डिसचं होतं. ती खुर्चीतून विणकामातून मान वर न करता म्हणायची, “आणि अजूनही मला रिव्हर्स येत नाही.” पुन्हा हशा. दोघांचं ते इतकं बसलं होतं, की लोक मुद्दाम पाहुण्यांना घेऊन येत. त्रेसष्टच्या किमती वर चढल्या, तसा विनोदही चढत गेला. ‘लेलँडने एक काच कापली आणि एक घर घालवलं’ असं डुएन म्हणायचा. बायको महागात पडली, असं सगळेच म्हणायचे. अर्डिस हसायची. आधी मनापासून, मग सवयीने, आणि अलीकडे अलीकडे चेहऱ्याला नुसता व्यायाम म्हणून.

जुलैत कर्टिस वेडल आला. ग्रँड रॅपिड्सला त्याचा फर्निचरचा मोठा धंदा होता आणि गाड्या ठेवायला त्याने एक अख्खं सभागृह बांधलं होतं. शिवाय तो जुन्या गाड्यांच्या क्लबाच्या प्रदर्शनांत परीक्षक असे. चुकीच्या जातीचा स्क्रू दिसला तरी गुण कापणारा म्हणून त्याची ख्याती होती. दोन्हींपैकी जी विकायची ती तो घेणार होता, आणि कुठली विकावी हे त्यालाच विचारायचं लेलँडने ठरवलं होतं. हे म्हणजे कसायालाच विचारण्यासारखं होतं. पण वेडल प्रामाणिक माणूस होता, एवढं मान्य करायला हवं.

दांडीला लावलेला आरसा आणि टॉर्च घेऊन त्याने दोन्ही गाड्यांची पोटं तपासली. खूप वेळ घेतला. मग हात पुसत उभा राहिला. लेलँड, डुएन आणि चेरी पायची ताटली घेऊन आलेली अर्डिस, तिघंही ऐकू लागले.

“थंडरबर्ड देखणी आहे,” वेडल म्हणाला. “तळाचा पत्रा तुम्ही नवा घातलाय, पण इतका नीट घातलाय की मी तक्रार करणार नाही. ही गाडी शर्यतीसाठी नव्हतीच. टाय सैल करून रविवारी फिरायला जायची गाडी आहे. लोकांना ती आवडते. पण खरं सांगू का, मिस्टर प्रुइट? विशीत असताना जे हिच्या प्रेमात पडले, ते आता एकेक करून चाललेत. कॉर्व्हेटच्या प्रेमात पडले, ते आत्ता कुठे निवृत्त होतायत. अजून वीस वर्षं तिला गिऱ्हाईक आहे.”

“ऐकलंस?” लेलँड डुएनला म्हणाला. “तुझं गिऱ्हाईक मेलं.”

“मी आहे अजून,” डुएन म्हणाला.

“आणि गाडी म्हणूनही कॉर्व्हेट उजवी,” वेडल पुढे म्हणाला. “मागची चाकं स्वतंत्र झुलतात, इंजिन तिचं स्वतःचं आहे, रंगसुद्धा पहिला. हेडलाइट उलटे फिरून आत जातात ना, तेसुद्धा एकदाही न अडकता गेले. असं मी फार थोड्यांत पाहिलंय. तो कणा असता, तर मी दुसरीकडे ढुंकूनही बघितलं नसतं. पण तो नाही. तो नसला की ही त्रेसष्टही नाही आणि चौसष्टही नाही. तुमच्या जागी मी असतो तर थंडरबर्ड ठेवली असती, आणि ही अशा माणसाला दिली असती जो कणा परत घालून घेईल.”

अर्डिसला वाटलं, आता लेलँड ‘लग्न झालं’ म्हणेल. निदान तेवढं तरी. विनोद का होईना, पण त्यात ती होती.

लेलँड म्हणाला, “चूक झाली खरी. तेव्हा अक्कल नव्हती.”

अर्डिसने ताटली कामाच्या टेबलावर ठेवली आणि ती घराकडे निघाली. तिला फार वाईट वाटलं. चाळीस वर्षांत लेलँडने शब्दाने कधी दुखावलं नव्हतं असं नाही, पण ते शब्द रागातले होते. हे त्याने अगदी शांतपणे, विचार करून म्हटलं होतं. मागून डुएनचा आवाज आला, “अगं, चेरी पाय तरी खायला थांब,” आणि तिने मागे वळून पाहिलं नाही.

ऑगस्टमध्ये तिची बहीण लव्होन ट्रॅव्हर्स सिटीला पायरीवरून घसरली आणि तिचं कंबरेचं हाड मोडलं. अर्डिस तिच्याकडे राहायला गेली. फोनवर लेलँड नव्या घराच्या पडद्यांबद्दल विचारी, टोमॅटो फार आलेत म्हणून सांगे. गाड्यांचं काय ठरलं हे तिने विचारलं नाही आणि त्यानेही काढलं नाही. कॉर्व्हेट ब्रेकच्या कामाला डुएनकडे टाकलीय, एवढंच एकदा म्हणाला. ती परत आली तेव्हाही शेडमध्ये थंडरबर्ड एकटीच होती.

सप्टेंबरात कोर्टासमोरच्या हिरवळीवर गावाचं वार्षिक गाड्यांचं प्रदर्शन भरतं. दोन्ही गाड्या शेवटच्या एकत्र न्यायच्या असं ठरलं. लेलँड सकाळी लवकरच डुएनकडे गेला. तो तिथून कॉर्व्हेट घेऊन येणार होता. थंडरबर्ड अर्डिसने आणली. तिला ती गाडी आवडायची. हलकं स्टिअरिंग, गोल खिडकीतून येणारं ऊन, आणि तिच्याबद्दल कुणी कधी विनोद करत नसे.

हिरवळीवर तिला आधी गर्दी दिसली, मग गाडी. कॉर्व्हेट पाठमोरी उभी होती. छताच्या मधोमध कणा निघाला होता आणि खाली उतरत गेला होता. दोन बाजूंना दोन काचा. जोड कुठे आहे ते दाखवूनही दिसलं नसतं. डुएन फोर्डवाला असला तरी कारागीर अव्वल होता.

लेलँडने केस कापून घेतले होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता. तो लंगडत तिच्याकडे आला आणि तिचा हात धरून तिला गर्दीतून पुढे घेऊन गेला.

“कशी वाटतेय?”

“छान झालीय,” अर्डिस म्हणाली.

“हीच ठेवू या. थंडरबर्ड वेडल नेतोय, बोलणं झालंय.” मग त्याने आवाज खाली आणला. “वेडल आला होता त्या दिवशी तू निघून गेलीस ना, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं मी सगळ्या गावाला सांगत सुटलोय, बायकोपायी गाडी बिघडली म्हणून. चारचौघांत तुला हसायला लावलं. आता कुणी काही म्हणणार नाही, अर्डिस. म्हणायला जागाच ठेवली नाही.”

एवढं लांबलचक बोलायची त्याला सवय नव्हती. बोलून झाल्यावर त्याने रुमाल काढून मान पुसली.

अर्डिस गाडीकडे बघत राहिली. त्याने हे तिच्यासाठी केलं होतं, यात शंका नव्हती. पासष्ट साली केलं होतं तसंच केलं होतं, तोंडातून शब्द न काढता, तिचं दुखणं बघून. तिला त्याची माया आली आणि त्याच वेळी तिला ओरडावंसं वाटलं. इतक्यात डुएनने कॉर्व्हेटच्या बॉनेटवर थाप मारली आणि जमलेल्यांना गोळा करून सुरू केलं.

“या, या, बघून घ्या! पापी माणूस सुधारला! या गृहस्थाने पासष्ट साली हिच्यावर करवत चालवली. विचारा, का?”

“का?” दोघंतिघं ओरडले.

“सांग रे, लेलँड.”

लेलँडने मान हलवली. “झालं ते झालं. जाऊ दे आता.”

“अरे, सांग की! ठीक आहे, मी सांगतो. लग्न झालं!” लोक हसले. डुएन अर्डिसकडे वळला. “आणि? पुढचं वाक्य कुणाचं?”

अर्डिस काहीच बोलली नाही. डुएनने थोडा वेळ वाट पाहिली, टोपी सारखी केली आणि गाडीच्या टायरांबद्दल बोलायला लागला.

गर्दी पांगल्यावर ती दोघं गाडीमागच्या घडीच्या खुर्च्यांवर बसली. वेडल येऊन पहिल्या नंबरची निळी फीत लावून गेला. कण्यावरून बोट फिरवून त्याने डुएनला सलाम केला. कोर्टाच्या पायऱ्यांवर शाळेचा बँड वाजत होता.

“ती चूक नव्हती,” अर्डिस म्हणाली.

“काय?”

“काच. पासष्ट साली तू कापलीस ती. ती चूक नव्हती, लेलँड. माझ्यासाठी कुणी केलेली ती सगळ्यांत मोठी गोष्ट होती. मला ती गाडी त्या काचेसाठी आवडायची. रुपेरी रंगाचं आणि हेडलाइटचं मला काही पडलेलं नव्हतं.”

लेलँडने खुर्चीतल्या खुर्चीत वळून तिच्याकडे पाहिलं. त्याला समजायला वेळ लागला. समजत गेलं तसतसा त्याचा चेहरा उतरत गेला.

“मग चाळीस वर्षं हसलीस कशाला?”

“तू हसत होतास म्हणून.”

बँडचं गाणं संपलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. लेलँडने पुढे वाकून दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

“ती काच डुएनकडेच आहे,” तो म्हणाला. “फेकलेली नाही त्याने. सोमवारी पुन्हा बसवतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे. डुएन शिव्या घालेल, घालू दे.”

“नको.”

“मी कापतो ना. मला जड नाही.”

“मला माहितीये तू कापशील. पण तेव्हा तू माझ्यासाठी कापली होतीस. आता कापशील ती मला वाईट वाटू नये म्हणून. ते वेगळं. तू चांगलं काम केलंस. गाडी सुरेख झालीय. तशा सुरेख गाड्या पुष्कळ असतात, एवढंच.”

त्याने नजर गाडीकडे वळवली. त्याला ती कोवळ्या वयात मिळाली होती. पहिला मोठा पगार, पहिला रंग, पहिलं इंजिन. तिच्यातलं जे काही त्याचं होतं ते अजून तिथेच होतं. अर्डिसला ते दिसत होतं आणि म्हणूनच गाडी विकायचं तिने त्याला सुचवलं नाही. ‘ठेवू या’ म्हणाला असता तर तिने ठेवूही दिली असती.

लेलँड उठला. उठताना नेहमीसारखं कण्हला. हिरवळीच्या दुसऱ्या टोकाला वेडल कुणाच्या तरी इंजिनावर टॉर्च मारत होता. लेलँड त्याच्यापर्यंत चालत गेला. अर्डिसला ऐकू आलं नाही, पण वेडलची मान झटकन वर झालेली दिसली. मग त्याने आधी थंडरबर्डकडे बोट दाखवलं आणि लेलँडने कॉर्व्हेटकडे. पाठोपाठ डुएन धावत गेला. त्याचे दोन्ही हात खिशांतून बाहेर, हवेत होते.

“अरे, वेड लागलंय का तुला?” डुएनचा आवाज मात्र सगळ्यांना ऐकू गेला. “तीन आठवडे घासतोय मी! लोक जन्मभर शोधतात ही काच!”

“त्यांना मिळू दे,” लेलँड म्हणाला.

“आणि तू? शेवरोलेवाला शेवटी फोर्ड ठेवणार घरात?”

“कंबर दुखत नाही म्हणालास ना.”

डुएन सिकोराने दोन्ही हात पुन्हा मागच्या खिशांत घातले.

वेडलची माणसं ट्रेलर घेऊन आली होतीच. कॉर्व्हेट वर चढवताना लेलँड शेजारी उभा राहिला, पट्टे नीट आवळले का ते त्याने स्वतः ओढून पाहिलं, एक पट्टा सोडून पुन्हा बांधायला लावला. ट्रेलर कोपऱ्यावरून वळेपर्यंत तो तिथे होता. अर्डिस थंडरबर्डमध्ये जाऊन बसली होती. तिला वाटलं होतं त्यापेक्षा मनाला जास्त लागलं. ज्या गाडीत आपलं असं काही उरलं नाही म्हणून आपण ती सोडली, तिच्यापायी मनाला इतकं लागावं हे तिला जरा अन्यायाचंच वाटलं.

लेलँड येऊन शेजारच्या सीटवर बसला. त्याने बसल्या बसल्या रेडिओ लावला. टायगर्सची बेसबॉलची मॅच चालू होती. डेट्रॉइटचा संघ त्या वर्षी अनेक वर्षांनी जिंकत होता आणि सगळं राज्य कान लावून बसलं होतं. अर्डिसने गाडी हिरवळीवरून काढली, नदीवरचा पूल ओलांडला. रस्त्याच्या कडेला मक्याची कणसं उतरवून रिकामे झालेले ट्रक परत चालले होते. लेलँड बाहेर बघत होता. कुणीतरी होमरन मारली, समालोचक किंचाळला, तरी त्याने ‘शाब्बास’ म्हटलं नाही.

धान्याच्या कोठारापाशी आल्यावर तो म्हणाला, “आणखी आहे का असं काही?”

“कसलं?”

“मी हसतो म्हणून तू हसतेस असं.”

अर्डिसने खरोखरच आठवून पाहिलं.

“आहे,” ती म्हणाली. “बरंच आहे.”

नवांपैकी आठवा डाव चालू होता आणि दोन गडी बेसवर होते. लेलँडने रेडिओ बंद केला.